कावीळ, हात, चक्कर : वैद्यकीय संज्ञाकोशात मराठी शब्द बसवताना व्याख्या आधी की शब्द आधी?

नोंदवहीवाला, मिरज

नमस्कार. मी मिरजेतील एका रुग्णालयाच्या अभिलेख विभागात काम करतो. रुग्णाची तक्रार केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची आणि मग संगणकात ती एखाद्या प्रमाणित संज्ञेला जोडायची, असे आमच्या कामाचे स्वरूप गेल्या वर्षापासून झाले आहे. संज्ञा आम्ही स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहातून घेतो. तो चालवणाऱ्या संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य असल्यामुळे देशात त्याच्या वापराला शुल्क पडत नाही, आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याला सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. आमच्याकडे जत, कवठेमहांकाळपासून अथणीपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांचे शब्द इंग्रजी संज्ञांना जोडता यावेत म्हणून मी आणि माझ्या सहकाऱ्याने दोन रकान्यांचा एक तक्ता केला, ज्यात डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे स्नोमेडची संज्ञा होती. तीनचारशे शब्द झाले आणि आम्ही स्वतःवर खूश होतो.

पावसाळ्यानंतर विषाणूजन्य यकृतदाहाच्या रुग्णांची यादी काढायला सांगितली, तेव्हा त्या यादीत तीन दिवसांची बाळे निघाली, पित्ताशयात खडे झालेल्या दोघी निघाल्या आणि रक्तपेशी फुटण्याच्या आजाराचा एक मुलगाही निघाला. कारण शोधायला वेळ लागला नाही. तक्त्यात ‘कावीळ’ या शब्दासमोर मीच ‘विषाणूजन्य यकृतदाह’ लिहिले होते. मग बाकीचा तक्ता तपासला, तर ‘हात’ या शब्दासमोर केवळ पंजाची संज्ञा होती, त्यामुळे दंडाचे हाड मोडलेले लोक पंजाच्या दुखापतींमध्ये मोजले गेले होते.

चुकलेल्या ओळी दुरुस्त करता येतील. मला शंका अशी आहे की तक्ता करण्याची पद्धतच चुकली आहे. या विषयात काम केलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे.

संगमतीर, कराड

आपली शंका रास्त आहे. अशा संज्ञासंग्रहांवर चालणारी सॉफ्टवेअरे लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि हीच चूक मीही केलेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्नोमेडसारख्या संग्रहाला, जिथे संज्ञा व्याख्या आणि परस्परनाती यांसह बांधलेल्या असतात, ऑन्टॉलॉजी म्हणतात, आणि तिच्यात ‘संज्ञा’ म्हणजे शब्द नव्हे. (तत्त्वज्ञानात या शब्दाला सत्ताशास्त्र म्हणतात, पण इथे तो रूढ होईल असे वाटत नाही, म्हणून ऑन्टॉलॉजीच म्हणतो.) तिथे प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो, त्या क्रमांकाला एक व्याख्या असते, आणि ती नोंद इतर नोंदींशी कोणत्या नात्याने बांधली आहे ते लिहिलेले असते. शब्द या सगळ्यानंतर चिकटवले जातात, एका नोंदीला कितीही. आपण उलटे केले. शब्दापासून निघालात आणि इंग्रजी शब्दापाशी थांबलात, मधली व्याख्या वाचलीच नाही.

ही रीत कुठून आली ते पाहिले तर मुद्दा लवकर कळतो. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर या तीन सजीवांच्या जनुकांचे डेटाबेस सांभाळणाऱ्या गटांनी मिळून जीन ऑन्टॉलॉजी सुरू केली. एकाच प्रक्रियेला तिघांचे शब्द वेगळे आणि एकाच शब्दाचे तिघांचे अर्थ वेगळे, त्यामुळे माशीतल्या जनुकाची माहिती उंदराच्या जनुकाशी ताडता येत नव्हती. त्यांनी रेणूचे कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीतील स्थान अशा तीन शाखा केल्या आणि प्रत्येक संज्ञेला व्याख्या दिली. क्रमांक सात आकडी आहे आणि त्या आकड्यांना काहीही अर्थ नाही, हे मुद्दाम केलेले आहे. क्रमांकातच संज्ञेचे स्थान गोवले, तर उद्या ती संज्ञा दुसऱ्या शाखेत हलवताना क्रमांक बदलावा लागतो आणि जुन्या सगळ्या नोंदी अनाथ होतात. नको झालेली संज्ञा तिथे पुसत नाहीत. ती कालबाह्य म्हणून खूण करून ठेवतात आणि शक्य असेल तिथे तिच्याऐवजी काय वापरावे तेही लिहितात. आपण तक्त्यातील चुकीची ओळ खोडणार असाल तर कृपया खोडू नका. खूण करा, तारीख घाला, म्हणजे मागच्या वर्षीच्या नोंदी कोणत्या समजुतीने झाल्या ते पुढच्याला कळेल.

तर्कट, वाई

मी वैद्यकातला नाही. आयुष्यभर संस्कृत आणि तर्कशास्त्र शिकवले. परंतु विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे त्या गावात परिभाषेविषयी कोणी बोलू लागले की कान टवकारले जातातच, आणि त्या विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी हे तर्कतीर्थ होते हेही इथे अप्रस्तुत नाही.

श्री. नोंदवहीवाला यांच्या अडचणीत एक गंमत आहे. वैद्य ज्याला ‘लक्षण’ म्हणतो ते रोगाचे चिन्ह, आणि नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा अभ्यासक, ज्याला ‘लक्षण’ म्हणतो ती व्याख्या. कावीळ हे वैद्याच्या अर्थाने लक्षण आहे, आणि तिचे नैयायिकाच्या अर्थाने लक्षण कोणी केलेच नाही, म्हणून हा सगळा घोटाळा झाला.

न्यायशास्त्रात लक्षण म्हणजे त्या वस्तूचा असाधारण धर्म, म्हणजे जो तिच्या सगळ्या व्यक्तींत (त्या प्रकारच्या प्रत्येक वस्तूत) आहे आणि बाहेर कोठेही नाही. तो चुकण्याच्या तीन वाटा सांगितलेल्या आहेत आणि शेकडो वर्षे त्यांचे उदाहरण एकच, गायीचे. ‘गाय म्हणजे पिंगट रंगाची’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे शिंगे असलेली’ म्हटले तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. ‘गाय म्हणजे एक खूर असलेली’ म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे तिचे निर्दोष लक्षण.

आता कावीळ घ्या. ‘विषाणूमुळे यकृताला आलेली सूज’ म्हटले की नवजात बाळे आणि पित्ताचे खडेवाले बाहेर पडतात, म्हणून अव्याप्ती झाली. ‘कातडी पिवळी पडणे’ म्हटले की आपल्या सांगलीच्या हळदीच्या गोदामांतील प्रत्येक हमाल काविळीचा रुग्ण ठरतो, ही अतिव्याप्ती. ‘कावीळ हा एक जंतू आहे’ असे म्हणणारेही भेटतात, तो असंभव. आपल्या तक्त्याची मौज अशी की त्यात अव्याप्त व्याख्या गृहीत धरून शब्द मात्र व्याप्तच वापरला गेला. बाळे व्याख्येने बाहेर होती, शब्दाने आत आली.

आणखी दोन दोष पाहून ठेवा. ‘यकृतदाह म्हणजे यकृताचा दाह’ हा आत्माश्रय, कारण वस्तू स्वतःच्याच खांद्यावर उभी आहे. ‘चक्कर म्हणजे घेरी’ आणि पुढे ‘घेरी म्हणजे चक्कर’ हा अन्योन्याश्रय. आपल्या तक्त्यात दुसऱ्या प्रकारची उदाहरणे पुष्कळ असावीत असा माझा तर्क आहे.

संगमतीर, कराड

सर, आपण लिहिले तेच आमच्या क्षेत्रात वेगळ्या नावांनी शिकवले जाते. जैववैद्यकीय ऑन्टॉलॉजींचा ओबीओ फाउंड्री नावाचा एक समूह आहे, त्याच्या नियमांत संज्ञांना लेखी व्याख्या असाव्यात असे सांगितले आहे, आणि ती शक्यतो ‘अ म्हणजे असा ब, ज्याला क आहे’ या साच्यात असावी असे मानले जाते. ‘ब’ ही वरची जाती, ‘क’ हा आपला असाधारण धर्म. या साच्याचा फायदा असा की व्याख्या लिहितानाच संज्ञेची जागा ठरते. कावीळ हा ‘ब’ कोणता? ‘रोग’ लिहिले तर एक झाड, ‘आढळणारे चिन्ह’ लिहिले तर दुसरे. रुग्णांत आढळणाऱ्या चिन्हांच्या ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजीत कावीळ आहे, आणि तिची व्याख्या रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढल्यामुळे त्वचेला येणारा पिवळेपणा अशा आशयाची आहे. हळदीचा हमाल ‘बिलिरुबिन’ या एका शब्दाने बाहेर जातो.

आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही हेच दिसते. कारण न सांगितलेली कावीळ आर १७ मध्ये, म्हणजे लक्षणे आणि चिन्हे यांच्या प्रकरणात. विषाणूजन्य यकृतदाह बी १५ ते बी १९. नवजात बाळांची कावीळ पी ५८ आणि पी ५९. आपली यादी ज्या तीन घरांत वाटली जायला हवी होती ती घरे अशी आधीपासून बांधलेली आहेत.

संगणकाच्या बाजूने एक भर घालतो. माणसासाठी वाक्यातली व्याख्या असते, आणि तिच्याच जोडीला यंत्रासाठी तार्किक व्याख्या असते. ‘विषाणूजन्य न्यूमोनिया’ ही नोंद स्नोमेडमध्ये स्थान फुप्फुस, कारण विषाणू अशा तुकड्यांनी बांधलेली असते. ही अट पुरेशी आहे असे नोंदवले असेल तर यंत्र स्वतःहून ती नोंद फुप्फुसाच्या आजारांत आणि संसर्गजन्य आजारांत, दोन्हीकडे लावते. परंतु स्नोमेडमध्ये ‘प्राथमिक’ म्हणून खूण केलेल्या नोंदीही पुष्कळ आहेत. त्यांच्या अटी आवश्यक आहेत पण पुरेशा नाहीत, म्हणजे सरांच्या भाषेत लिहिलेला धर्म खरा आहे पण असाधारण नाही. अशा नोंदीखाली नवी गोष्ट यंत्र आपोआप आणू शकत नाही, माणसाला ती ठेवावी लागते.

दवाखाना, तासगाव

सगळे वाचले आणि पटलेही, पण बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीला हे कसे सांगायचे? माझ्याकडे रोज ‘मूळव्याध आहे’ असे सांगणारे लोक येतात. तपासले की निम्म्यांना गुदद्वाराची चीर असते, काहींना भगंदर असते, आणि खरी मूळव्याध उरलेल्यांना. रुग्णाने सांगितलेले शब्द हे निदान नसते. ते व्याख्येत बसवायचा हट्ट केला तर खिडकीवरच निदान झाल्यासारखे होईल, आणि ते अधिक घातक आहे. ‘हात दुखतो’ या वाक्याचे उदाहरण तर फारच चांगले आहे. आपल्याकडे हात खांद्यापासून बोटापर्यंत असतो. पायाचेही तेच, जांघेपासून अंगठ्यापर्यंत सगळा पाय. पोट म्हणजे जठरही आणि सगळा उदरभागही. कंबर दुखते म्हणणारी बाई कधी मणक्याकडे बोट दाखवते, कधी खुब्याकडे. ही भाषेची उणीव नाही, बोलण्याला तेवढे पुरते.

संगमतीर, कराड

डॉक्टर, आपल्या आक्षेपाचे उत्तर ऑन्टॉलॉजीच्या रचनेतच आहे. जितके ठाऊक आहे तितक्याच उंचीची संज्ञा निवडावी, त्याखालची नाही. ‘हात’ला पंजाची नव्हे, तर ऊर्ध्वशाखेची, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतच्या सगळ्या हाताची संज्ञा लावावी, पंजा, मनगट, कोपर, दंड हे तिचेच भाग म्हणून खाली आहेत. ‘मूळव्याध’ असे रुग्ण म्हणाला, तर खिडकीवर ‘गुदद्वाराची तक्रार’ इतकेच नोंदवावे आणि मूळ शब्द जसाच्या तसा बाजूला राहू द्यावा. निदान डॉक्टरांचा रकाना भरला की खालची संज्ञा येईल. आधी खालची लिहून मग वर सरकणे हे दुरुस्ती म्हणून होते, आणि दुरुस्ती बहुधा कोणी करत नाही.

शब्दांसाठी एक सोय आहे, तीच आपल्या तक्त्यात नव्हती. ओबीओच्या पद्धतीत प्रत्येक समानार्थी शब्दाला तो किती समानार्थी आहे ते लिहायचे असते: नेमका, अधिक व्यापक, अधिक संकुचित किंवा केवळ संबंधित. पंजाच्या संज्ञेखाली ‘हात’ हा शब्द ‘अधिक व्यापक’ म्हणून राहू शकतो. कोणी ‘हात’ शोधला तर पंजाही सापडेल, पण यंत्र दोघांना एक समजणार नाही. दोन रकान्यांच्या तक्त्यात तिसरा रकाना एवढाच हवा होता.

नात्यांविषयीही सावध राहावे. ‘चा प्रकार’ आणि ‘चा भाग’ ही दोन नाती बोलण्यात आपण मिसळतो. मनगट हा हाताचा भाग आहे, प्रकार नव्हे. ‘चा भाग’ हे नाते उलटे फिरवता येत नाही, हे नवशिक्यांना पटवायला मला नेहमी वेळ लागतो. प्रत्येक पेशीकेंद्रक कोणत्या ना कोणत्या पेशीचा भाग असते, पण म्हणून प्रत्येक पेशीत केंद्रक असते असे नाही. आपल्याच रक्तातील पक्व तांबड्या पेशींत ते नसते.

हळदबाजार, सांगली

वैद्यकाशी माझा संबंध नाही, पण हळदीचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. एका औषधी कंपनीने आमच्याकडे ‘हळद’ मागितली आणि तिघांनी तीन गोष्टी पाठवल्या. एकाने हळकुंडे, एकाने जेठे गड्डे, एकाने पावडर. त्यांना हवे होते ते कर्क्युमिनचे प्रमाण. झाड, जमिनीतला कंद, दळलेली भुकटी आणि त्यातला रेणू यांना आपण एकच नाव देतो, आणि लग्नाच्या आदल्या दिवशीचा विधी निराळाच. बाजारात भाव बोलताना हे कोणालाही अडत नाही, कारण माल समोर असतो. कागदावर आले की अडते.

संगमतीर, कराड

अगदी बरोबर. म्हणूनच या गोष्टी वेगवेगळ्या संग्रहांत राहतात. वनस्पतीची जात जीवजातींच्या वर्गीकरणात, खाद्यपदार्थ फूडऑनमध्ये, रेणू केबी या रसायनांच्या ऑन्टॉलॉजीत.

वैद्य, सातारा

चर्चा चांगली चालली आहे, पण आपण सगळे ‘कावीळ’ आणि आयुर्वेदातील ‘कामला’ यांना एकच मानाल अशी मला भीती वाटते, म्हणून आधीच हरकत नोंदवतो. चरकसंहितेत कामला ही पांडुरोगाच्या संदर्भात येते आणि तिचे कोष्ठाश्रित (पचनमार्गाच्या आश्रयाने असलेली) व शाखाश्रित (रक्त, त्वचा यांच्या आश्रयाने असलेली) असे भेद आहेत. शाखाश्रित कामलेत मल तिळाच्या पिठासारखा होतो, असे वर्णन आहे, आणि पित्ताचा मार्ग अडल्याने होणाऱ्या काविळीशी ते बरेच जुळते. परंतु ‘जुळते’ म्हणजे ‘तेच’ नव्हे. कामलेच्या व्याख्येत दोष आणि त्यांचा मार्ग आहे, बिलिरुबिन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये पारंपरिक वैद्यकाचे स्वतंत्र, सव्विसावे प्रकरण ठेवले आणि जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा भाग जाहीर केला. तो निराळा ठेवला हे मला योग्य वाटते.

तर्कट, वाई

वैद्यबुवांशी सहमत. लक्षण निराळे तर लक्ष्य, म्हणजे जिची व्याख्या केली ती वस्तूही, निराळे. दोघांच्या व्यक्ती बहुतांशी एकच निघाल्या तरी तो अनुभवाचा विषय आहे, व्याख्येचा नव्हे.

संगमतीर, कराड

दोन संग्रहांमधल्या अशा जोडण्यांसाठीही चढती पातळी वापरतात. ‘नेमके तेच’ हे शेवटचे आणि सर्वांत जबाबदारीचे विधान. कामला आणि कावीळ यांच्यात ‘जवळचे’ एवढेच लिहावे. दोन नोंदी ‘नेमक्या त्याच’ आहेत असे एकदा लिहिले की यंत्र त्या विधानाच्या साखळ्या ओढत जाते, आणि तिसऱ्या संग्रहात कोणी आणखी एक ढिली जोडणी केलेली असते. मग वरच्या यादीतली बाळे पुन्हा येतात, दुसऱ्या दाराने.

नोंदवहीवाला, मिरज

सर्वांचे आभार. दोन रविवार घालवून तक्त्याची मांडणी बदलली आहे. आता पहिला रकाना व्याख्येचा आहे, दुसरा स्नोमेडच्या क्रमांकाचा, तिसरा मराठी शब्दांचा, आणि प्रत्येक शब्दापुढे तो नेमका, व्यापक, संकुचित की संबंधित ते लिहिले आहे. चुकलेल्या ओळी खोडल्या नाहीत. तीन नोंदी तपासण्यासाठी देतो.

कावीळ : रक्तातील बिलिरुबिन वाढल्यामुळे त्वचेला आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला पिवळा रंग येणे, हे चिन्ह. मराठी शब्द ‘कावीळ’, नेमका. यकृतदाहाच्या नोंदीखाली ‘कावीळ’ हा शब्द ‘संबंधित’ म्हणून ठेवला आहे.

चक्कर : इथे मी एक नोंद तोडून तीन केल्या. स्वतः किंवा भोवतालचे फिरत असल्याचा भास. तोल जाईल असे वाटणारा हलकेपणा. आणि काही क्षण शुद्ध हरपणे. ‘चक्कर’ हा शब्द तिन्हींखाली ‘व्यापक’ म्हणून. ‘भोवळ’ तिसऱ्या नोंदीखाली.

फिट : मेंदूतील विद्युत हालचालीच्या अनियमित उसळीमुळे थोडा वेळ येणारा झटका, ही घटना. ‘फिट’, ‘आकडी’, ‘फेफरे’ हे शब्द.

‘इतर’ नावाची एक ओळही होती. त्यात ज्याला कुठे जागा नाही ते टाकत होतो. ती काढू की ठेवू, हे ठरले नाही.

संगमतीर, कराड

‘इतर’ काढा. जेम्स सिमिनो यांनी १९९८ मध्ये वैद्यकीय शब्दसंग्रहांकडून काय अपेक्षा असाव्यात ते मांडले, त्यात ‘इतरत्र वर्गीकृत न केलेले’ या प्रकाराला स्पष्ट विरोध आहे. या ओळीला स्वतःचा अर्थ नसतो. शेजारी काय काय आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो. उद्या आपण नवी नोंद घातली की ‘इतर’चा अर्थ बदलतो आणि कालच्या ‘इतर’मधले रुग्ण आजच्या ‘इतर’शी ताडता येत नाहीत. आयसीडीला मृत्यू आणि रोग मोजायचे असतात, प्रत्येक माणूस कुठेतरी एकदाच मोजला जावा लागतो, म्हणून तिला अशी घरे परवडतात. आपल्याला परवडत नाहीत. जागा सापडली नाही तर वरची व्यापक संज्ञा वापरा.

‘फिट’बद्दल एक सुधारणा. झटका ही घटना आहे हे बरोबर, पण ‘फेफरे’ हा शब्द गावात झटक्यासाठी वापरतात तसाच ‘तिला फेफऱ्याचा आजार आहे’ असा रोगासाठीही. आजारांच्या ऑन्टॉलॉजीत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. रोग म्हणजे शरीरातील बिघाडामुळे असलेली प्रवृत्ती, झटका म्हणजे ती प्रवृत्ती प्रकट होणे. वर्षभर एकही झटका आला नाही तरी अपस्मार असतो, आणि साध्या तापात झटका आलेल्या बाळाला अपस्मार असतोच असे नाही. दोन नोंदी करा आणि ‘फेफरे’ दोन्हींखाली घाला.

तर्कट, वाई

काविळीच्या व्याख्येत ‘आणि’च्या जागी काय हवे ते डॉक्टरांना विचारावे. सौम्य काविळीत नुसते डोळे पिवळे दिसत असतील तर आपली व्याख्या अव्याप्त झाली.

दवाखाना, तासगाव

सरांनी अचूक पकडले. बिलिरुबिन डेसीलिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच्या पुढे गेले की पिवळेपणा दिसू लागतो आणि तो बहुधा आधी डोळ्यांत दिसतो. त्वचेचा रंग नंतर, आणि सावळ्या माणसात आणखी उशिरा लक्षात येतो. ‘किंवा’ लिहा. फार गाजरे खाऊन त्वचा पिवळी पडलेल्यांचे डोळे पांढरेच राहतात, पण तेही ‘बिलिरुबिन’ या शब्दानेच बाहेर पडत आहेत, त्यांच्यासाठी ‘आणि’ची गरज नाही.

आणखी एक शब्द आपल्या तक्त्यात कसा आहे ते पाहाल का? ‘वारं गेलं’. परवा एका आजोबांच्या केसपेपरवर पक्षाघात लिहून आला. तपासले तर हातपाय धडधाकट, चेहऱ्याची एक बाजू तेवढी लुळी, कपाळावर आठीही पडत नव्हती. चेहऱ्याच्या नसेचा लकवा होता. नातू मात्र खिडकीवर बरोबरच बोलला होता, ‘तोंडावरून वारं गेलंय’.

नोंदवहीवाला, मिरज

‘किंवा’ केले. ‘वारं गेलं’ हा शब्द पक्षाघातासमोर ‘नेमका’ म्हणून बसवलेला सापडला, अक्षर माझेच आहे. आता तो ‘स्नायूंची शक्ती जाणे’ या वरच्या नोंदीखाली घेतला आहे, आणि खिडकीवरच्या मुलीसाठी शेजारी एक प्रश्न लिहिला आहे : ‘कुठून कुठपर्यंत?’